आरी घ्यायची तर मूठ नंतर बघा, आधी सुई बघा

आषाढी महिनाभरावर आली की आमच्या गच्चीवर मामांच्या दिंडीची राहुटी पसरली जाते. कुठं उसवलंय, कुठं उंदरानं कुरतडलंय, कोणत्या कोपऱ्याची कडी हातात यायला लागलीय हे सगळं बघायचं काम घरातल्या रिकाम्या माणसाचं, म्हणजे माझं. माऊलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशी आपल्याच सोलापूर जिल्ह्यातनं येते, आणि यातल्या एखाद्या मुक्कामाला वारं सुटून राहुटीचा कोपरा फाटला तर रात्री अकरा वाजता शिवणार कोण? म्हणून गेल्या वर्षी मी ठरवलं की स्वतःची आरी, म्हणजे जाड माल टोचून शिवायचं मुठीचं अवजार, घ्यायची. ऑनलाइन मागवली, दोन-अडीचशेची. लाकडी मूठ काय चकचकीत, पितळी नट, सोबत मेणाच्या दोऱ्याची रंगीत रिळं, नुसतं बघूनच कारागीर झाल्यासारखं वाटलं, आणि तिसऱ्या टाक्याला सुई वाकली. चौथ्याला दोरा तुटला.

चौकातल्या चांभार काकांकडे घेऊन गेलो तर त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "काय करलालास बे? मूठ विकत घेतलास, सुई फुकट आली व्हय?"

त्या एका वाक्यात अख्खा विषय आलाय, पण तो मला कळायला बरेच महिने गेले, तेच इथं सोपं करून सांगतो.

पहिला घोळ नावाचा. आपण आरी म्हणतो, कुणी अरी म्हणतं, कुणी टोच्या, आणि दुकानदार तिन्ही नावांनी जे हाताला येईल ते देतो. प्रत्यक्षात त्या नावाखाली तीन वेगवेगळी अवजारं विकली जातात आणि तिघांचं काम वेगळं. चुकीचं घेतलं की माणूस म्हणतो आरी बेकार आहे. आरी बेकार नसते, ती दुसऱ्याच कामाची असते.

एक असते ती फक्त भोक पाडणारी. मूठ आणि तिला अणकुचीदार सळई, ना नेढं ना खाच. हिनं शिवता येत नाही, हिनं वाट करून द्यायची आणि मग दोन सुयांनी शिवायचं. पराणीला पुढं जी लोखंडी आर लावतात ना बैलाला टोचायला, तिचीच ही शहाणी बहीण समजा.

दुसरी चांभाराची खरी आरी. टोकाजवळ बाजूला एक बारीक खाच असते, आकड्यासारखी. वरून टोचायची, खाली डाव्या हातात धरलेला दोरा त्या खाचेत अडकवायचा, वर ओढायचा की दोऱ्याचा फास वर येतो, त्या फासातनं दोऱ्याचं दुसरं टोक घालायचं आणि दोन्हीकडनं आवळायचं. झाला टाका. काका हे इतक्या झपाट्यात करतात की बघणाऱ्याला काही कळत नाही, कारण नेढ्यात दोरा ओवायची भानगडच नाही. पण हात बसायला वेळ लागतो, आणि तो सगळा वेळ तुमच्या बोटांच्या खर्चानं जातो.

तिसरी बॉबिनवाली. मुठीतच दोऱ्याची गुंडी असते, पुढं मशीनच्या सुईसारखी सुई, म्हणजे नेढं मागं नाही, टोकाजवळ. अमेरिकेत स्पीडी स्टिचर नावाची अशी आरी १९०९ पासून मिळतेय, आणि आज ऑनलाइन ज्या पन्नास नावांच्या आऱ्या दिसतात त्या बहुतेक याच जातीच्या नकला. घरगुती दुरुस्तीला, ज्यानं कधी आरी धरलेली नाही अशा माणसाला, हीच घ्यायला सांगेन मी. पण नकलांमध्ये मूठ हुबेहूब असते आणि सुई भलतीच, ते पुढं येतंच.

आणि दाभण? दाभण वेगळं. मार्केट यार्डात कांद्याची पोती शिवताना बघितलं असेल, ती मोठी वाकडी सुई आणि सुतळी. ते किंतानाला ठीक आहे कारण किंतानात आधीच जाळीसारखी भोकं असतात. चामड्याला किंवा चार पदरी कॅनव्हासला दाभण घातलं की निम्म्यात अडकतं, मग पकडीनं ओढायचं, मग नेढ्यापाशी मोडतं. हा अनुभव घरोघरी असणार.

आता सुईचं नेढं टोकाला का, हे समजलं की सगळं समजतं, म्हणून इथं जरा थांबतो. साध्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, त्यामुळं अख्खी सुई मालातनं आरपार जावी लागते आणि पलीकडनं धरून ओढावी लागते. जाड मालात हेच अवघड. नेढं टोकाजवळ आणलं तर सुई नुसती तोंडापुरती पलीकडं काढायची आणि आल्या वाटेनं मागं घ्यायची, दोरा तेवढा तिकडं पोचतो. शिलाई मशीनचं सगळं गुपित हेच. एलियस हाऊ नावाच्या अमेरिकन माणसानं १८४६ साली लॉकस्टिच, म्हणजे दोन दोरे एकमेकांत अडकवणाऱ्या टाक्याच्या, मशीनचं पेटंट घेतलं त्यात टोकाला नेढं असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा, हीच जोडी होती, सिंगरचं पेटंट त्यानंतर १८५१ चं. बॉबिनवाली आरी म्हणजे तीच मशीन, फक्त मोटरच्या जागी तुमचा उजवा हात आणि खालच्या शटलच्या जागी तुमचा डावा हात.

टाका असा पडतो. पहिल्या भोकातनं सुई पलीकडं काढा आणि तिथनं दोरा भरपूर ओढून घ्या, कारण हा सुटा दोरा शेवटपर्यंत पलीकडच्या बाजूला पुरला पाहिजे. किती? साधा हिशोब करा, टाका ५ मिलिमीटरचा आणि माल ५ मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक टाक्याला पलीकडचा दोरा ५ मिलिमीटर लांबी खातो आणि अर्ध्या जाडीपर्यंत आत जाऊन परत बाहेर येताना अजून ५, म्हणजे शिवणीच्या दुप्पट. वर गाठीला वीतभर धरा. यूट्यूबवाले शिवणीएवढा दोरा ओढा म्हणतात ते पातळ मालाला खरं आहे, जाड पट्ट्याला तेवढा घेतला की तीन टाके बाकी असताना दोरा संपतो आणि मग माणूस स्वतःलाच शिव्या देतो. दोरा ओढून झाला की सुई मागं घ्या, पुढच्या जागी टोचा, पूर्ण आत घालून किंचित मागं घ्या, अर्धा सेंटिमीटर बास. मागं घेतली की नेढ्यापाशी दोरा सैल पडतो आणि त्याचा छोटा फास उभा राहतो. सुटा दोरा त्या फासातनं घाला, सुई बाहेर काढा, दोन्ही दोरे सारखे ओढा.

फास उभाच राहत नाही, ही सगळ्यांची तक्रार. बहुतेक वेळा सुई पुरेशी आत गेलेली नसते, किंवा मागं घेतलेलीच नसते, किंवा उत्साहात एवढी मागं घेतलेली असते की फास मालात बुडतो. आणि सुटा दोरा दरवेळी फासाच्या एकाच बाजूनं घालायचा, एकदा डावीकडनं एकदा उजवीकडनं केलं की टाके वाकडेतिकडे दिसतात, दात पडलेल्या कंगव्यासारखे.

दोन दोऱ्यांची अडकण मालाच्या पोटात, मधोमध बसली पाहिजे. वरच्या बाजूला ठिपके दिसायला लागले तर सुईचा दोरा जास्त ओढताय, खालच्या बाजूला दिसले तर तो ढिला सोडताय. एवढं बघितलं की अर्धं शिक्षण झालं.

टाक्यांच्या मजबुतीचा विषय निघाला की लोक भांडतात, पण आपल्याकडे याचं उदाहरण दारात आहे. साखर कारखान्यातनं आलेलं पोतं बघा, तोंडाला जो टाका असतो तो साखळी टाका, बरोबर टोकाचा बरोबर दोरा ओढला की सर्रकन अख्खं तोंड उघडतं. तिथं ते सोयीचं आहे, सॅकच्या पट्ट्याला तेच झालं तर पाठीवरनं सामान रस्त्यावर. लॉकस्टिच, म्हणजे आत्ता सांगितलेला, असा एका झटक्यात उघडत नाही, पण दोरा तुटला तर ताणाखाली हळूहळू दोन्हीकडं सुटत जातो. सगळ्यात दणकट तो दोन सुयांचा टाका, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया आणि प्रत्येक भोकातनं दोन्ही समोरासमोरून जातात, एक दोरा झिजून तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. घोड्याचं खोगीर, बैलाच्या चामडी जुपण्या, जिथं तुटलं की जनावर किंवा माणूस पडणार तिथं जुने लोक हाच टाका घालायचे. त्याला आरी पहिल्या प्रकारची लागते, फक्त भोकाची. वेळ तिप्पट लागतो पण रविवारी दुपारी सोलापुरात तसंही बाहेर कुठं जाणार उन्हात.

आता मूळ मुद्दा, सुई.

सुईचं टोक हाताला लावून, नखावर फिरवून, भिंगातनं बघून घ्या. दोन जाती आहेत. एक गोल टोकाची, दुसरी धारदार कोनांची, तीन किंवा चार कडांची, शंकरपाळ्यासारखा छेद असलेली. चामडं म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचा गठ्ठा, त्यात विणीचे धागे नाहीत की जे बाजूला सरकतील, त्यामुळं तिथं कापत जाणारं टोक लागतं, गोल टोक घातलं तर हात दुखेपर्यंत दाबावं लागतं. पण कॅनव्हास, सॅकचा नायलॉनचा पट्टा, नवारीच्या खाटेची पट्टी, ही सगळी विणलेली. विणलेल्या मालात सुईनं धाग्यांच्या मधनं वाट काढायला पाहिजे, धागे बाजूला सरकतात आणि सुई गेली की परत मिटतात. तिथं धारेची सुई घातली तर प्रत्येक टाक्याला दोन-चार धागे कापले जातात आणि तुम्ही दुरुस्ती म्हणून पट्टा अजून कमजोर करून ठेवता. वरून शिवण सुंदर दिसते, म्हणून कळतही नाही. सोलापूरकराला हे जास्त समजवायला नको, चादरीचा ताणा-बाणा बघत मोठी झालेली माणसं आपण, ताण्याचे चार धागे तुटले की काय होतं ते लूमवर काम केलेल्या कुणालाही विचारा.

ऑनलाइनच्या बहुतेक स्वस्त आऱ्यांसोबत तीन सुया येतात, एक सरळ जाड, एक सरळ बारीक, एक वाकडी. टोक कसलं आहे हे डब्यावर क्वचितच लिहिलेलं असतं. विचारा, फोटो मागा, आणि उत्तर येत नसेल तर ती आरी चामड्याची का कॅनव्हासची हे तुम्हालाच टोचून शोधावं लागणार असं समजून चाला. वाकडी सुई लोक फेकून देतात, फेकू नका, जिथं मालाच्या मागं हात जात नाही तिथं, बुटाच्या आत, गाडीच्या सीटच्या कडेला, ती एकटीच कामाला येते.

मग नेढं. माझ्या पहिल्या आरीत दोरा तुटला तो दोऱ्याचा दोष नव्हता, नेढ्याची कड ब्लेडसारखी होती. परीक्षा सोपी, नेढ्यातनं दोरा ओवा आणि दहा-पंधरा वेळा जोरात मागंपुढं ओढा. दोऱ्याला लव सुटली, भुसा पडला, तर नेढं खरखरीत आहे. लगेच परत करायची गरज नाही, जाडसर सुती दोऱ्याला ब्रासोसारखी पॉलिश लावून तोच दोरा नेढ्यात पाच मिनिटं घासला की कड बरीच गुळगुळीत होते. नेढ्यापासून वर मुठीकडे सुईच्या अंगाला एक लांब नाली असते, टोचताना दोरा त्या नालीत लपतो म्हणून मालात घासला जात नाही. नकली सुयांमध्ये ही नाली कधी नुसती रेघ असते. नखाला जाणवली पाहिजे.

जाडीचं बोलायचं तर घरच्या शिलाई मशीनची १६ नंबरची सुई म्हणजेच १०० नंबर, आणि १०० म्हणजे अंगाची जाडी बरोबर १ मिलिमीटर. १८ नंबर म्हणजे ११०, १४ म्हणजे ९०, हा हिशोब पाकिटावर दोन्ही आकड्यांनी लिहिलेला असतो. आरीची सुई याच्या बरीच पुढं, साधारण दीड-दोन मिलिमीटरच्या घरात. आरीच्या सुयांना मात्र ज्याचा त्याचा नंबर, एकाचा ४ दुसऱ्याच्या ४ शी जुळेलच असं नाही, म्हणून आरी घेताना त्याच दुकानात जादा सुया मिळतात का हे आधी विचारा. सुई मोडणारच आहे. मोडल्यावर जिची सुई मिळत नाही ती आरी म्हणजे नुसतं लाकूड.

आणि भोक दोऱ्याच्या मापाचं. जाड सुईनं बारीक दोरा शिवला तर दोरा भोकात खुळखुळतो, पाणी आत येतं, टाका हलत राहतो. बारीक सुईत जाड दोरा कोंबला तर दोरा भोकाच्या कडेला घासून झिजतो.

दोऱ्याच्या मापावरून सोलापुरात एक गंमत होते. आपल्याकडं सूत म्हणजे काउंट, विसाचं सूत, चाळीसचं सूत, आकडा वाढला की सूत बारीक, कारण एक पौंडात ८४० यार्डाच्या किती लडी बसतात तो काउंट. आरीच्या दोऱ्यावर मात्र टेक्स लिहिलेलं असतं, आणि टेक्स म्हणजे १००० मीटर दोऱ्याचं वजन किती ग्रॅम, म्हणजे आकडा वाढला की दोरा जाड. एकदम उलटं. माझ्या ओळखीच्या एका लूमवाल्या काकांनी मोठा आकडा म्हणजे बारीक असं समजून टेक्स २७० मागवला आणि घरी आली ती सुतळीच म्हणायची. ५९० ला टेक्सनं भागलं की साधारण काउंट येतो, विसाचं सूत म्हणजे साडेएकोणतीस टेक्स, आणि टेक्स २७० म्हणजे जेमतेम दोन काउंटाचं. शाळेचे युनिफॉर्म शिवायला जो दोरा वापरतात तो तीस-चाळीस टेक्सच्या आसपास, त्याच्याशी तुलना करा म्हणजे अंदाज येतो. सॅक, ताडपत्री, बॅगेचे बंद याला १३५ टेक्स पुष्कळ. २७० जाड चामड्याला आणि राहुटीच्या कड्यांना.

कशाचा दोरा हे त्याहून महत्त्वाचं. सुती दोरा उन्हापावसात कुजतो. नायलॉन ताकदीला भारी आणि ताणाखाली लवचिक, पण ऊन त्याला खातं, गच्चीवर दोन उन्हाळे काढलेली नायलॉनची दोरी हातात कशी पिठासारखी सुटते ते आठवा. कायम उन्हात राहणाऱ्या वस्तूला पॉलिस्टर, त्यात वाद नको, आणि जिथं पारा ४२-४३ ला जातो आणि आभाळात महिनोन्महिने ढग नसतो तिथं तर नकोच नको. बुलेटप्रूफ म्हणून जो केव्हलरचा दोरा विकतात तो ताकदवान असतो पण उन्हाला तोही टिकत नाही, पैसे वाया घालवू नका. एक अपवाद सुती राहुटीचा. सुती कॅनव्हास भिजला की फुगतो आणि विणीतली भोकं बुजतात, सुती दोराही तसाच फुगून टाक्याचं भोक बुजवतो, निव्वळ पॉलिस्टर फुगत नाही. म्हणून तंबूवाले आत पॉलिस्टर वर कापूस असा कोअरस्पन दोरा वापरतात, दोन्हीचा फायदा. मिळाला तर तो घ्या.

मेण लावलेला दोरा बरा, फास नीट उभा राहतो आणि आवळलेला टाका सुटत नाही. साधा असेल तर मधमाशीच्या मेणाच्या खड्यावरनं दोनदा ओढा. मेणबत्तीचं चालतं म्हणतात, मला नाही आवडत, त्याचे पापुद्रे पडतात. मे महिन्यात मेणाचा दोरा चिकट होऊन बॉबिनवर बसतो, तेव्हा आरी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, बास.

मुठीबद्दल फार बोलायचं नाहीये मला. तळहातात मागचा भाग गोल बसला पाहिजे, कारण जोर बोटांनी नाही, तळव्यानं लावायचा असतो. सुई जिथं धरली जाते ते चक ड्रिल मशीनच्या चकसारखं आवळून बघा, सुई धरून हलवा, कटकट हलली तर नको. लाकूड का प्लॅस्टिक, नक्षी आहे का, चामडी पाकीट फुकट आहे का, हे सगळं दुय्यम.

आता कशाला काय. राहुटीचा कोपरा किंवा सॅकचा पट्टा असेल तर बॉबिनवाली आरी, गोल टोकाची सुई, टाका ४-५ मिलिमीटरचा. टाके जवळजवळ घातले की मजबूत होतं असं वाटतं, पण पोस्टाचं तिकीट फाडताना ते भोकांच्या रेघेवरच फाटतं ना, तसंच पट्टाही फाटतो. ताणाच्या आडवी एकच रेघ कधीच घालू नका. ताणाच्या दिशेनं उभ्या रेघा, किंवा चौकोन आणि त्यात फुली, सॅकच्या पट्ट्याला कंपनीनं घातलेली असते तशी, ती शोभेला नसते.

प्लॅस्टिकची ताडपत्री, ट्रॉलीवर ऊस-कांदा झाकतात ती निळी किंवा पिवळी, शक्यतो शिवूच नका. तिच्यात पडलेलं भोक मिटत नाही, वाऱ्यात फडफडली की तिथनंच चिरत जाते. शिवायचीच तर कड दोन-तीन वेळा दुमडून, आत दोरी घालून शिवा आणि वरून चिकटपट्टी किंवा सोल्युशनचं ठिगळ.

चामड्याला धारेची सुई किंवा भोकाची आरी आणि दोन सुया, कडेपासून ३-४ मिलिमीटर आत. कोल्हापुरी चपलांचं जे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे २०१९ चं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा यांच्या जोडीला आपला सोलापूर जिल्हाही आहे, हे इथल्याच लोकांना माहीत नसतं. जुन्या पद्धतीची ती चप्पल खिळ्यांवर नाही, चामड्याच्या वादीनं शिवलेली असते. तिच्यात मेणाचा पॉलिस्टर दोरा घालून तुम्ही शिवाल, पण पॉलिस्टर चामड्यापेक्षा टणक, चालताना तो चामडं कापत जातो. मी माझी चप्पल काकांकडेच देतो, वीस-तीस रुपयांसाठी तिची वाट लावायची नाही.

आणि काही गोष्टी आरीनं शिवायच्याच नाहीत, कितीही चांगली शिवण जमायला लागली तरी. गाडीचा सीटबेल्ट, स्लॅबवर काम करणाऱ्यांचा सेफ्टी बेल्ट, क्रेनचे उचलायचे पट्टे, हेल्मेटचा बंद. यांचे टाके ठरलेल्या पद्धतीनं घातलेले आणि ताण देऊन तपासलेले असतात, आपल्या शिवणीची परीक्षा माणूस पडल्यावरच होणार. टाकून द्या, नवीन घ्या.

हात सांभाळायचं एकच सांगतो, टोचताना डावा हात मालाच्या मागं सुईच्या वाटेत ठेवू नका. खाली लाकडाचा ठोकळा किंवा जुन्या टायरचा तुकडा घ्या. बोथट सुई जास्त टोचते, कारण तिला जास्त रेटावं लागतं आणि ती एकदम सुटते, म्हणून बारीक पॉलिश पेपरवर टोक अधूनमधून फिरवा, गोल टोक गोलच राहील असं. टोकावर बूच लावून ठेवा. तरी टोचलीच तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा, आठवलं नाही तर घेऊन या.

यंदा राहुटी मीच शिवली, चारही कोपरे. दुसरी आरी पहिलीच्या दुप्पट पैशाची, मूठ अगदी गावठी, सुई मात्र खणखणीत. काकांना नेऊन दाखवली, त्यांनी त्यांच्या समोरच्या चपलेवरच दोन टाके घालून बघितले, सायकलच्या तारेतनं स्वतः घासून केलेली त्यांची आरी शेजारी मेणाच्या गोळ्यात रुतवलेली होती. माझी परत दिली आणि म्हणाले, "बरी हाय. पण दोरा लई खाती ही."